जेवणानंतरची लंकाबाई

अंबडच्या कारखान्यात कॉइल गुंडाळायचं काम लागलं, तेव्हा लंकाबाईनं पहिल्याच दिवशी अर्धा दिवस मागितला. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, तिच्यापाशी कोणीतरी हवंच. कुलथे सुपरवायझर म्हणाले, "बाई, मशीन अर्धं असतं का? मग माणूस अर्धं कसं चालेल?" बोलणं बिनतोड होतं. लंकाबाई घरी जाऊन धाकट्या जावेशी, शकुबाईशी बोलली.

तेव्हापासून सकाळी लंकाबाई आणि जेवणाच्या सुट्टीनंतर शकुबाई. नाव एक, बिल्ला एक, निळा कोट एक. गेटबाहेर बाभळीखाली तो कोट या अंगावरून त्या अंगावर जायचा, आणि वॉचमन कारभारी तेवढ्यापुरते आभाळाकडे बघायचे. आतल्या बायकांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या कुलथ्यांना, कारण परक्या बाईच्या तोंडाकडे बघणं त्यांच्या संस्कारात बसत नव्हतं. ते मान खाली घालून यायचे, कॉइल उचलायचे, अंगठ्यानं दाबून बघायचे आणि तसेच पुढं जायचे. माणूस सज्जन, पण सज्जनपणालाही काही सुमार असावा की नाही?

आता गंमत अशी, की लंकाबाईच्या हातून तार जरा सैल बसायची आणि शकुबाईच्या हातून घट्ट. कुलथ्यांनी ते हेरलं. पुष्कळ डोकं खाजवून त्यांनी अनुमान काढलं, की या बाईचा हात जेवणानंतर बसतो. मोठ्या साहेबांनाही ते पटलं. एका सकाळी कुलथे लंकाबाईच्या मशीनपाशी येऊन फरशीला म्हणाले, "तुम्हाला अर्धा दिवस हवा होता ना? मंजूर. उद्यापासून जेवणानंतरच यायचं. हा प्रयोग आहे. जमला, तर सुलाबाईंनाही देऊ."

सुलाबाई शेजारच्या मशीनवर होती. तिचं पोर अजून अंगावर पीत होतं, आणि अर्धा दिवस मागून मागून तिचं तोंड दुखलं होतं. तिनं लंकाबाईकडे अशा आशेनं बघितलं, की लंकाबाईला पाणी प्यायला उठावं लागलं.

जेवणानंतर तार घट्टच बसायला हवी, तेव्हा जायचं शकुबाईनंच. म्हणजे अर्धा दिवस मिळाला लंकाबाईला आणि नोकरी राहिली शकुबाईला. लंकाबाई घरी बसली. सासूचं अंग पुसायचं, कूस बदलायची, आणि दिवसभर तिचं एकच पुराण ऐकायचं, थोरली काही कामाची नाय. तेव्हा कुठं लंकाबाईला कळलं, की आपण नुसत्या पगारासाठी जात नव्हतो. मशीनवर बसलं की कोणी हाक मारत नसे. तेवढ्यासाठी तिचा जीव तुटायला लागला.

"माझं मशीन कसं हाय?" एका संध्याकाळी तिनं विचारलं.

"हाय तिथंच हाय," शकुबाई म्हणाली. भाकरीचा गोळा हातात घेत तिनं विचारलं, "लय वाईट वाटतंय का, आक्का?"

"लय."

शकुबाई भाकरी थापत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिनं तार सैल सोडायला सुरुवात केली. चांगल्या हाताला वाईट काम करताना फार लक्ष द्यावं लागतं, पण तिनं दिलं. कुलथ्यांनी कॉइल दाबली, पुन्हा दाबली, आणि त्यांचा चेहराच उतरला. अर्धा दिवस दिला की बाईचा हात बिघडतो, हे आता सिद्धच झालं. त्यांनी तसं वर सांगितलं. मोठ्या साहेबांनी निकाल देऊन टाकला: लंकाबाईनं पुन्हा पूर्ण दिवस यायचं, आणि यापुढं कारखान्यात अर्ध्या दिवसाचं कोणी नावही काढायचं नाही.

लंकाबाई सकाळी मशीनवर येऊन बसली. आनंद इतका झाला होता, की तार नेहमीपेक्षाही सैल जात होती. शेजारी सुलाबाई काम करत होती, तिच्या पोलक्याला ओल आली होती. जेवणाच्या भोंग्याच्या जरा आधी लंकाबाईनं कसाबसा धीर गोळा केला.

"सुले, तुझं वाटोळं केलं आम्ही."

सुलाबाईनं हात थांबवला नाही. "मी बी हेच केलं असतं," ती म्हणाली. "पण मला मेलीला जाऊ कुठं हाय?"

भोंगा झाला. लंकाबाईला घरी जायचं होतं, ती गेली.