न सुकणारा गाल

चित्रातल्या बाईचा गाल आजही ओलाच होता, आणि हे सासूचंच काम, याबद्दल हौसाच्या मनात आता तिळमात्र शंका उरली नव्हती.

संपात नवऱ्याची, महिपतची, गिरणी बंद पडली, मुंबईहून मनिऑर्डर येईनाशी झाली, तेव्हा हौसा मांडवीच्या हरिश्चंद्र सरांकडे तैलरंग शिकायला जाऊ लागली. सरांनी तिला एका जुन्या विलायती चित्राची नक्कल करायला दिली. अंधारी खोली, खिडकीशी खुर्चीत बसलेली बाई आणि तिच्या गालावर उजेड. ते नीट जमलं तर सर तिला आपल्या क्लासात पगारावर ठेवणार होते. घराला दुसरा आधारच नव्हता.

सासूच्या, म्हणजे सोनूबाईच्या, डोळ्यांत मात्र ती बाई पहिल्या दिवसापासून खुपत होती. “दिवसभर नुसती बसून र्‍हाते. हिला काय कामधंदा नाय?” म्हणत ती येता-जाता नाक मुरडायची. मग गालाचा रंग ओघळू लागला, हनुवटीवर फराटा उमटला, तर हौसाने संशय घ्यायचा तरी कुणाचा? शेजारणींच्या देखत तिने खोलीला कुलूप ठोकलं. सोनूबाई चकार शब्द बोलली नाही, आणि हौसाला तर तेच जास्त संशयाचं वाटलं.

कुलपाआडही गाल ओघळलाच. शेवटी हौसा चित्र घेऊन सरांकडे गेली. सरांनी रंग बोटावर घेऊन हुंगला.

“यात खोबरेल कुणी घातलं? रंगात जवसाचं तेल घालतात, ते सुकतं. हे जन्मात सुकायचं नाही. खरवडा आणि पुन्हा काढा.”

घरभर खोबरेलाचाच वास, तिथे रंगाच्या तेलाच्या बाटलीतला तिला कळणार कसा? हौसा तरातरा घरी आली.

“माझ्या रंगाच्या तेलात खोबरेल तुम्हीच ओतलंत ना?”

“मीच तर,” तांदूळ निवडता निवडता सोनूबाई म्हणाली. “बाटली तळाला गेलेली दिसली. महिपताला धाडायला घाण्यावरचं ताजं तेल ठेवलेलं, त्यातलं ओतलं. म्हटलं, ती बाय लवकर पुरी होऊ दे, म्हणजे तुझं काम होईल.”

हौसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोनूबाईने वर पाहिलं. “कमी पडलं काय गो? डब्यात अजून हाय,” म्हणत ती गुडघ्यावर हात टेकून उठायलाही लागली.