दिव्याखाली आधी कोण झोपणार?

मी एक जुना स्टँड आहे, मित्रांनो. फोटो काढताना दिवा धरून उभं राहायचं, हे माझं काम. मला तीन पाय आहेत आणि डोक्यावर एक लांब आडवा हात. हाताच्या एका टोकाला दिवा लटकतो, दुसऱ्या टोकाला तोल सांभाळणारी वाळूची पिशवी. पिशवी हारिकाने आईच्या जुन्या साडीची शिवली आहे.

हारिका माझी मालकीण. राजमहेंद्रीत घरोघर जाऊन ती तान्ह्या बाळांचे फोटो काढते. तेलुगूत मानाने ज्यांना सगळे ‘गारू’ म्हणतात, त्या कोंडलरावगारूंच्या फोटो-सामानाच्या दुकानात ती आली, तेव्हा तिला स्कूटरवर पायापाशी मावेल आणि तरी डगमगणार नाही, असा स्टँड हवा होता. त्यांनी आधी चाकांचा एक दांडगा दाखवला.

"याला न्यायला टेम्पो करावा लागेल," ती हसून म्हणाली.

मग आम्ही हलके तिघे पुढे आलो. तिने आमच्यावर एकेक करून दिवा टांगला आणि दर वेळी सरळ दुकानाच्या फरशीवर आडवी झाली, चेहरा बरोबर दिव्याखाली. हे काय नवीन, म्हणून मी बघतच राहिलो.

"उठा अम्मा, गिऱ्हाइकं बघतायत," कोंडलरावगारू कानकोंडे झाले.

"बघू देत. मी जिथे झोपायला घाबरेन, तिथे लोकांचं लेकरू कसं ठेवू?"

पहिल्याचा हात हळूहळू वाकला. दुसऱ्याचा एक पाय उचलला गेला. माझा हात मात्र, तोल जाऊ नये म्हणून, तिने आधी फिरवून बरोबर एका पायाच्या वर आणला. मी हललो नाही, आणि तिच्या घरी गेलो.

मग किती बारशी पाहिली म्हणून सांगू! प्रत्येक घरी ती आधी माझ्याखाली झोपायची, मग बाळाला ठेवायची. बाळं टक लावून माझ्याकडे पाहायची. त्यांना माझ्यात काय दिसत असेल, याचं मला फार कुतूहल वाटे. अजूनही वाटतं.

पण स्कूटरचे धक्के खाऊन माझा हात जिथे वळतो, त्या सांध्याला घट्ट धरणारी रबरी चकती झिजली. हात घसरू लागला, की हारिका सांध्याची फिरकी आणखी आवळायची. चकती बदलायला तिला सवड होत नव्हती आणि मला बोलता येत नव्हतं.

एकदा भ्रमरांबा आजींच्या घरी बारसं होतं. त्यांच्या थोरल्या नातीचे फोटोही हारिकानेच काढले होते. बाळ नुकतंच झोपलं होतं. "लवकर उरका," बाळाचा मामा म्हणाला, "उठला की घर डोक्यावर घेईल." हारिकाने घाईने दिवा टांगला आणि बाळाला उचलायला वळली.

"का गं," आजी म्हणाल्या, "मागच्या वेळी आधी तू झोपली होतीस. आज पोराला पुढे करतेस होय?"

हारिका ओशाळली आणि आडवी झाली. तिची पाठ टेकते न टेकते, तोच माझा हात खाली आला. तिने दोन्ही हातांनी दिवा झेलला. आजींनी बाळाला पदराआड घेतलं. त्या दिवशीचे फोटो खिडकीच्या उजेडात निघाले.

त्यानंतर मी कपाटामागे पडून राहिलो. अंगावर धूळ बसली. मला राग नव्हता, पण वाईट फार वाटायचं. आता ती माझ्याखाली कधीच झोपणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

मित्रांनो, आम्ही वस्तू तक्रार करत नाही. आमचा सांधा करकरला, तर थांबून जरा बघा. नुसतं आवळत राहू नका. आमच्याखाली कोणीतरी निर्धास्त झोपलेलं असतं.

एक दिवस हारिका मला कोंडलरावगारूंकडे घेऊन गेली.

"नवाच घ्या की," ते म्हणाले.

"आधी चकती बदलून बघू. चूक याची नव्हती."

नवी चकती बसली. हारिकाने दिवा टांगला, पिशवी अडकवली, माझा हात पायाच्या वर आणला. कोंडलरावगारू आत गेले आणि चटई घेऊन आले. त्यांनी ती स्वतः अंथरली.

हारिका झोपली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, ती मला वरून स्वच्छ दिसत होती. तरी तिने हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटले.

मी हललो नाही.