शुक्रवारी उभी राहणारी गाडी

घंटा वाजली तेव्हा चैत्राली मितालीच्या डब्यासाठी पराठे लाटत होती. भिंतीवरच्या छोट्या पडद्यात दोन माणसं दिसली. गडद कोट, गळ्यात ओळखपत्रं.

"निहार, बघ रे जरा. इबाराकीहून आलोय म्हणतायत. तुझं नाव घेतायत."

निहार दामले टूथब्रश हातात घेऊनच दाराशी आला. आलेल्यांपैकी वयस्कर होते ते कुबोता-सान, दंडवसुली अधिकारी. त्यांनी आधी इतक्या सकाळी आल्याबद्दल माफी मागितली आणि मग येण्याचं कारण सांगितलं. निहारच्या नावावर असलेल्या पांढऱ्या गाडीचे नो पार्किंगचे दंड थकले होते. नोटिसा इबाराकीतल्या त्सुकुबाच्या जुन्या पत्त्यावर जाऊन परत येत होत्या. शेवटी जप्तीचा हुकूम निघाला होता.

"आत येऊ का?" असं त्यांनी विचारलं खरं, पण तो प्रश्न नव्हता. दोघांनी बूट काढून नीट जोडून ठेवले आणि ते नुसत्या पायमोज्यांनी आत आले. धाकट्याने कॅमेरा काढला, टीव्हीचा फोटो घेतला, लॅपटॉपचा घेतला. मिताली दप्तर लावून सोफ्याला टेकून उभी होती. ती आईला जपानीत पुन्हा पुन्हा विचारत होती, "हे कोण? आपला टीव्ही नेणार?"

"माझ्याकडे गाडीच नाही," निहार म्हणाला. "त्सुकुबा सोडून इकडे आलो तेव्हा ती मी मित्राला दिली. फ्लॅटही त्यालाच दिला."

"कागदावर नाव तुमचंच आहे, दामले-सान."

"तो बदलून घेणार होता."

"मग त्यांच्याशी बोलून घ्या. पण वसुली आम्हाला तुमच्याकडूनच करावी लागेल."

"बोलणार कसा? तो वारला. मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत."

कुबोता-सानांचं पेन थांबलं. त्यांनी मान खाली घालून दुःख व्यक्त केलं. मग हातातले कागद एकदा चाळले, पुन्हा चाळले.

"पहिला दंड मागच्या वर्षीच्या जूनमधला आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यानंतर अधूनमधून होतच आलेत. शेवटचा या उन्हाळ्यातला. जागा एकच, तुमच्या जुन्या इमारतीसमोरचा रस्ता. आणि दर वेळी शुक्रवार संध्याकाळ."

चैत्रालीच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

निहार कुबोता-सानांबरोबर कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, चोवीस तास उघड्या दुकानात गेला आणि सगळी रक्कम भरली. कुबोता-सान शेजारी छत्री धरून उभे राहिले. पावतीवर शिक्का पडल्यावर वाकून म्हणाले, "गाडी कोण चालवतंय ते शोधा. नाहीतर आम्हाला पुन्हा यावं लागेल."

तो मित्र म्हणजे सौमित्र इंगळे, त्सुकुबाच्या प्रयोगशाळेतला निहारचा ज्युनिअर. अमरावतीकडचा, परतवाड्याचा. उंच, लाजाळू, घशात हसणारा. प्रयोग चालू असताना खुर्चीतच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तीन दिवस यंत्रांवर होता, शुद्ध आलीच नाही. आईवडिलांना व्हिसा मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. दहन निहारने केलं. जपानी रीतीप्रमाणे लांब काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवल्या त्याही त्यानेच, आणि कलश मांडीवर घेऊन नागपूरपर्यंत विमानात बसला तोही तोच. फ्लॅट रिकामा केला तेव्हा खाली गाडी दिसली नव्हती. प्रयोगशाळेतलं कुणीतरी म्हणालं, विकली असेल. त्या दिवसांत गाडीचा विचार कोण करणार?

आता मात्र दुसरा विचार सुचत नव्हता. ऑफिसात मीटिंग चालू असताना त्याला तो रस्ता दिसायचा. जिंको वृक्षांची रांग, सायकलींचं शेड, तिसऱ्या मजल्यावरची आपली जुनी खिडकी, आणि खाली ती गाडी. मेलेल्या माणसाची गाडी ठरल्या दिवशी, ठरल्या जागी येऊन उभी राहते.

"चोराने नेली असेल," चैत्राली म्हणाली.

"चोर तिथेच कशाला लावेल?"

तिने ओट्यावरचं फडकं पिळलं. मग म्हणाली, "तिथे जाऊ नकोस तू. पोलिसांना सांग सरळ."

पण शुक्रवारी तो दुपारीच ऑफिसातून निघाला.

त्सुकुबाला उतरला तेव्हा नोव्हेंबरचा उजेड झपाट्याने ओसरत होता. वाऱ्याला डोंगराची थंडी होती. जिंकोची पिवळी पानं फुटपाथभर पडून ओली झाली होती. त्याने वळण घेतलं.

गाडी होती. पिवळी नंबरप्लेट, मागच्या काचेवर मितालीने लहानपणी चिकटवलेलं अर्धवट फाटलेलं बदक. पार्किंगचे दिवे लुकलुकत होते. आणि चालकाच्या जागी कुणीतरी बसलेलं होतं. डोक्याला तपकिरी लोकरी टोपी होती. कानांवर लोंबणारी, परतवाड्याहून सौमित्रच्या आईने विणून पाठवलेली. प्रयोगशाळेत सगळे त्या टोपीला हसायचे.

निहार जागच्या जागी उभा राहिला. परत फिरावं, स्टेशन गाठावं, असं त्याला अगदी खरोखर वाटलं. पण टोपी हलली, वर वळली, तिसऱ्या मजल्याकडे. तिथल्या खिडकीत दिवा लागला होता.

त्याने जाऊन काचेवर टकटक केली.

आत एक बाई होती. तिशी ओलांडलेली, चेहरा ओढलेला, बोटांना पांढरं पीठ. तिने दचकून काच खाली केली. आतून पावाचा गरम वास आला.

"लगेच काढते," ती जपानीत म्हणाली. मग त्याचा चेहरा नीट पाहून थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "तुम्ही... इंडियाचे? इंगळे-सानांनी पाठवलं का तुम्हाला?"

निहारची नजर टोपीवरच होती.

"गाडी न्यायला आलात ना? मी ठेवलीय नीट. तेल बदललंय, टायर बदललेत." ती भराभरा बोलत होती. "पण त्यांनी स्वतः यायला हवं होतं. एक निरोप तरी. बसा ना, थंडी आहे."

तो पलीकडे जाऊन शेजारच्या जागेवर बसला. दार लागल्यावर आत फक्त दिव्यांची टिकटिक राहिली.

तिचं नाव मायुमी ओनो. त्सुचिउरा रस्त्यावरच्या एका बेकरीत ती पीठ मळायची. सौमित्र रात्री प्रयोगशाळेतून परतताना उरलेले पाव घ्यायला यायचा, तिथे ओळख झाली. पुढे दर शुक्रवारी संध्याकाळी तिला सुटी असायची, आणि तो खाली गाडीत तिची वाट पाहायचा. तिला पहाटे अंधारात सायकलने बेकरीला जावं लागे म्हणून जानेवारीत त्याने गाडीची किल्ली तिच्या हातात दिली होती, आपली टोपीही. थंडी संपेपर्यंत राहू दे तुझ्याकडे, म्हणाला होता.

"मग फोन बंद झाला. मी इथे आले. इमारतीच्या मॅनेजरना विचारलं. ते म्हणाले, इंगळे-सान मायदेशी परत गेले. सामानही मित्र घेऊन गेले."

"प्रयोगशाळेत नाही विचारलं?"

"कोण म्हणून विचारणार?" ती म्हणाली. "त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आधी आईला सांगतो, मग सगळ्यांना, म्हणायचे. मला वाटलं, आईला सांगायला गेले आणि आई नाही म्हणाली असेल." तिने मांडीवरचं पीठ झटकलं. "पण गाडी माझ्याकडे होती ना. गाडीसाठी तरी येतील. आले तर इथेच येतील. काचेवर चिकटवलेले दंडाचे कागद मी काढून टाकायचे. पोलिसांकडे गेले असते तर त्यांनी गाडी नेली असती. मग ते कशासाठी आले असते?"

ती बोलायची थांबली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. ती बातमीची वाट पाहत होती. सौमित्रने लग्न केलं, नोकरी लागली, विसरला, यातलं काहीही ऐकायची तिची तयारी होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मॅनेजर खोटं बोलला नव्हता. सौमित्र मायदेशी परत गेला होता. निहारनेच नेला होता.

"ओनो-सान," तो म्हणाला. आणि मग जपानीत जे शब्द त्याने डॉक्टरांच्या तोंडून ऐकले होते तेच त्याने एकामागून एक उच्चारले. मेंदू. रक्तस्राव. तीन दिवस. हॉस्पिटलचं नाव सांगितलं तेव्हा तिने समोर, रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. तिथून ते दहा मिनिटांवर होतं.

ती रडली नाही. हात पुढे करून तिने दिवे बंद केले, टिकटिक थांबली. मग काळोखात ती म्हणाली,

"काहून?"

निहारने वळून तिच्याकडे पाहिलं. स्वर तिचा होता, पण 'का' विचारणारा तो वऱ्हाडी शब्द, त्याचा हेल, मधला तो लांबवलेला 'हू', सगळं सौमित्रचं होतं. निहारसारख्या पुण्याच्या माणसाला कधी जमणार नाही असं.

"काहून?" ती पुन्हा म्हणाली. "काहून बाप्पा?"

तिला एवढंच मराठी येत होतं की आणखी, ते त्याने विचारलं नाही. वरच्या खिडकीत कुणीतरी पडदा ओढला.

बऱ्याच वेळाने तिने अस्थींचं विचारलं. त्याने फोनवर नकाशा काढून कौंडण्यपूर दाखवलं, अस्थी सोडल्या तो वर्धा नदीचा घाट. तिने बोटांनी नकाशा मोठा केला, इतका मोठा की पडद्यावर नदीचा तपकिरी रंग तेवढा उरला.

पुढच्या आठवड्यात रजा काढून निहारने गाडी तिच्या नावावर केली. वाहन नोंदणी ऑफिसच्या खिडकीवरच्या माणसाने दोघांचं नातं विचारलं. "मित्राची मैत्रीण," निहार म्हणाला, आणि त्या माणसाने फॉर्मवर दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यात खूण केली. दंडाचे पैसे तिने पाकिटात घालून दिले. त्याने नको म्हटलं, तिने ऐकलं नाही.

परतवाड्याला सांगावं की नाही, यावर चैत्राली आणि तो दोन दिवस बोलले. शेवटी चैत्रालीच म्हणाली, "त्याला सांगायचंच होतं ना आईला?"

फोन सौमित्रच्या वडिलांनी घेतला. पंढरीनाथ इंगळे, निवृत्त शिक्षक. त्यांनी सगळं ऐकलं. मधे एकदाही हुंकार दिला नाही, त्यामुळे निहारला दोनदा "काका, ऐकताय ना?" विचारावं लागलं. शेवटी ते म्हणाले, "तिले आपली भाषा येते म्हणता?"

"थोडी. त्याच्यासारखीच बोलते, काका. अगदी त्याच्यासारखी."

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. लाइन चालूच होती. लांब कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग सौमित्रची आई आली.

"ते बाहेर जाऊन बसले," ती म्हणाली. "ती पोट्टी इतके दिवस वाट पाहून राह्यली होती का रे?"

"हो, काकू."

"आन् आमी समजलो, तिथं त्याचं कोनी नाई." मागे कुकरची दुसरी शिट्टी झाली. "तिले माह्याशी बोलायचं असन तर आता नको. माह्याच्यानं त्याची बोली दुसऱ्याच्या तोंडून ऐकवनार नाई. मी करन फोन. कवातरी करन."

"बरं."

"तिले सांगजो, जेवत जाय म्हना येळेवर."

निहारने तो निरोप जसा होता तसाच, तिच्याच शब्दांत, इंग्रजी अक्षरांत लिहून मायुमीला पाठवला. अर्थ सांगितला नाही. थोड्या वेळाने संदेश वाचल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही. त्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी तो ऑफिसातून बाहेर पडला तेव्हा त्याची पावलं आपोआप त्सुकुबाला जाणाऱ्या ट्रेनकडे वळली. फलाटावर दोन गाड्या त्याने जाऊ दिल्या, आणि मग घरी गेला.