सीमेला लागून

लिबिया वेदीवरची पांढरी फुलं उतरवत होती, तेवढ्यात अंगणात जीप थांबली. आईच्या नवव्या दिवसाची जपमाळ नुकतीच संपली होती. शेवटच्या दिवशी वेदीच्या पायऱ्या एकेक करून मोडायच्या आणि दार उघडं ठेवायचं, म्हणजे गेलेल्या माणसाला वाट मोकळी होते. दार उघडंच होतं, त्यातून तिचे साहेब आत आले.

रेन्तेरिया. प्रांताच्या नियोजन कार्यालयाचे प्रमुख. हातात पुष्पचक्र, बुटांवर लाल धूळ. उशिराबद्दल त्यांनी सगळ्यांची माफी मागितली. विया मार्तापर्यंत सकाळीच पोचलो होतो, तिथून तुमचं हे पिएद्रासोला नकाशात अगदी खेटून दिसतं, पण दुपार कलली तरी रस्ता संपेना, असं ते सांगत राहिले. जपमाळ सांगणाऱ्या फिदेलिनामावशींनी त्यांच्या हातात काळी कॉफी दिली.

"मध्ये दरी आहे ना, साहेब," त्या म्हणाल्या. "नकाशावाल्यांना उडता येत असेल."

बायका हसल्या, आणि हे मयताचं घर आहे हे आठवून गप्प झाल्या.

लिबिया हसली नाही. हेच ती कार्यालयात अनेकदा, जास्त लांब वाक्यांत, सांगून थकली होती. कोणत्या तालुक्याची गरज किती, हे ठरवणारं मॉडेल रेन्तेरियांनी बनवलं होतं. त्याच्या मुळाशी एक तक्ता होता. ज्या दोन तालुक्यांच्या सीमा एकमेकींना लागतात ते शेजारी, त्यांच्यापुढे एक. बाकी सगळीकडे शून्य. शेजाऱ्याची सुबत्ता थोडीफार आपल्याकडे झिरपते, असा त्यामागचा हिशेब. पिएद्रासोला तालुक्याची सीमा विया मार्ताला लागत होती ती दरीच्या तळाशी, जिथे नदी होती आणि पूल नव्हता; पूल होता तो लांबच्या वळशावर. विया मार्ताकडे कॉफीचे कारखाने होते, दवाखाना होता, रुग्णवाहिका होती. म्हणजे मॉडेलच्या लेखी ते सगळं पिएद्रासोलालाही होतं, आणि त्याची गरज कमी ठरत होती. सीमेऐवजी प्रवासाचा वेळ धरा, असं लिबियाने सुचवलं होतं. एका गावासाठी पद्धत मोडत नाहीत, असं उत्तर मिळालं होतं.

रेन्तेरियांनी तिला ओसरीवर नेलं आणि आवाज खाली आणला. सोमवारी समितीची बैठक होती. पुढच्या चार वर्षांचं निधीवाटप तिथे ठरणार होतं, आणि अहवाल लिबियाने मांडावा अशी त्यांची इच्छा होती. सुतकातल्या बाईला कोणी उलटसुलट विचारत नाही, असं ते म्हणाले, तेही मायेने.

"आणि तक्ता?"

"तक्ता आहे तसाच." त्यांनी कॉफीत फुंकर मारली. "लिबियाबाई, तुम्ही पहिल्यांदा बोललात तेव्हा तुमच्याकडे उदाहरण नव्हतं. आता आहे, पण ते तुमच्या घरचं आहे. लोक म्हणतील, आईसाठी आकडे फिरवले."

हातातल्या फुलांचे देठ लिबियाने मोडले. मग मोडलेले पुन्हा मोडले.

"सीमा लागत नाही, तरी सान इसिद्रो तालुक्यातल्या बायका रोज चालत आल्या," ती म्हणाली. "तुमच्या तक्त्यात त्यांच्यापुढे शून्य आहे. विया मार्ताहून एक माणूस आला नाही. राग म्हणून नाही. येणार कसे?"

"जपमाळेला कोण आलं यावर मॉडेल उभं राहत नाही, बाई."

"तुमचं कशावर उभं आहे?"

ओसरीच्या टोकाला वेताची खुर्ची होती, तिच्यात ते बसले. समोर, दरीपलीकडे, विया मार्ताची लाल कौलं उन्हात स्पष्ट दिसत होती. चर्चचा मनोरा, दवाखान्याची भिंत, भिंतीशी उभी एक पांढरी गाडी.

"किती जवळ दिसतं," ते काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले. "तीच का ती रुग्णवाहिका?"

रिकामे कप गोळा करणाऱ्या फिदेलिनामावशी थांबल्या.

"तीच. हिची आई, एदेलमिरा, याच खुर्चीत बसली होती. छातीत दुखत होतं, तरी डोळे तिकडेच. फोन केला तसा ड्रायव्हर पळत आलेला आम्हाला इथून दिसला. टपावरचा दिवा फिरायला लागला. तर मला म्हणते, निघाली बघ, माझे केस नीट कर." मावशींनी कप एकात एक बसवले. "विंचरले मी. वेणी घातली. वेणी झाली तरी गाडी पुलापाशीसुद्धा पोचली नव्हती."

लिबियाला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिने फुलं कठड्यावर ठेवली आणि हात पुसले, बराच वेळ पुसले.

रेन्तेरिया खुर्चीतून अर्धवट उठले. उठावं की बसावं हे त्यांना ठरवता येईना.

"सोमवारी मी मांडते, साहेब," लिबिया म्हणाली. "तक्ता माझा असेल. एका गावाचा नाही, सगळ्या प्रांताचा, प्रवासाच्या वेळेचा. आईसाठी आकडे फिरवले असं ज्याला म्हणायचं असेल त्याने मला तोंडावर म्हणावं. तुम्हीसुद्धा."

"समिती मान्य करणार नाही."

"मग नाही म्हणताना त्यांचे चेहरे मला बघू देत."

ते पुढे काही बोलणार होते, पण फिदेलिनामावशींनी मान वर केली. पलीकडे, पांढऱ्या गाडीच्या टपावर दिवा फिरू लागला होता. आतल्या बायका न बोलावता बाहेर आल्या. गाडी भिंतीपासून सुटली आणि चर्चच्या उताराला लागली. उतार संपतो तिथे रस्ता फुटतो. डावीकडे विया मार्ताचंच गाव, उजवीकडे पूल, आणि पुलावरून वळसा घालून पिएद्रासोला. एका बाईने आपल्या वस्तीत कोण आजारी होतं ते पुटपुटत आठवलं. दुसरीने क्रूसाची खूण केली.

"इकडे येतेय का?" रेन्तेरियांनी विचारलं.

"वळणावर कळेल," मावशी म्हणाल्या.

ते खुर्ची सोडून कठड्याशी आले. बायकांनी सरकून त्यांना जागा दिली.