दीड व्होल्ट

हिरामणनं दुसरा चिमटा टेकवला तसा प्लगाच्या पोटात पांढरा जाळ लखकन झाला आणि संपला. मोजायला त्यानं तोंड उघडलं होतं. बोटीच्या हीटरला करंट दिला की दहा आकडे मोजायचे, तोवर आतली तार लाल होते, मग इंजिनाला सेल्फ मारायचा. चौतीस वर्षं तो असेच दहा आकडे मोजत आला होता. इथं ‘एक’सुद्धा म्हणून झाला नाही.

त्यानं चिमटा काढला, परत लावला. काही नाही. पक्कडीतला प्लग डोळ्यांशी नेला. शेंगदाण्याएवढी वस्तू. तळाच्या भोकात मघाशी केसासारख्या तारेची गुंडाळी होती. आता तिथं नुसतं काळं टिंब होतं.

“माल डुप्लिकेट हाय,” तो म्हणाला.

“गेला काय, दादा?” बाकड्यावरून विनेशनं विचारलं. त्याच्या बोटीची बॅटरी चार्जिंगला लावली होती, म्हणून तो दुपारपासून दुकानात बसून होता. “एवढासा जीव, त्याला तू बोटीचा डोस पाजलास.”

“तू गप रे.”

क्रांती टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिनं हात पुढे केला, मेलेला प्लग घेतला आणि कागदाच्या पुडीत बांधून ठेवला.

“दीड व्होल्ट लागतं, बाबा. सकाळी सांगितलं होतं. चिमटा लावताना पण सांगत होते.”

“हीटर म्हंजे बारा. कुठल्या पण बंदरावर जाऊन विचार.”

सांगितलं होतं हे खरंच होतं. हिरामणच्या कानात काही दोष नव्हता. खाडीत अर्ध्या मैलावरची बोट आवाजावरून ओळखायचा तो, तिच्या कुठल्या सिलिंडरात बिघाड आहे तेही सांगायचा. इंजिनाचं तो ऐकायचा. घरातल्या माणसाचं ऐकायची त्याला सवय नव्हती, एवढंच.

टेबलावर विमान होतं. पंख अजून बसवले नव्हते, त्यामुळे ते सोललेल्या सुरमईसारखं दिसत होतं. हलक्या लाकडाचं धड, शेपूट, आणि नाकावर मुठीएवढं कोरं इंजिन. क्रांतीच्या कॉलेजातल्या पोरांनी सहा महिने खपून ते बनवलं होतं. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाची सात पोरं आणि ही एक पोरगी. उद्या सकाळी आठच्या ओहोटीला सर आणि बाकीची सगळी रेवदंड्याच्या वाळूवर येणार होती. सरांनी सांगून ठेवलं होतं, नवं इंजिन दोन टाक्या इंधनावर फिरवून मोकळं करून जो आणेल तो विमान उडवेल. नाही जमलं तर इंजिन काढून विजेची मोटर बसवायची, आणि मग रिमोट वर्गातल्या परेशच्या हातात. प्लग तापवायचा तयार चिमटा, आतल्या सेलसकट, त्या परेशकडेच होता. क्रांती विमान घेऊन घरी निघाली तेव्हा तो द्यायला परेश ‘विसरला’. म्हणून तिला बापाच्या दुकानातली बॅटरी हवी होती. बापाचं दुकान म्हणजे जमिनीपासून छपरापर्यंत बॅटऱ्याच. त्यातली दीड व्होल्टची एकही नाही.

“जाऊ दे. दुसरा आणू,” हिरामण म्हणाला. “विनेश, गाडी काढ. अलिबागला जाऊन येऊ.”

“अलिबागला नाही मिळत,” क्रांती म्हणाली. “मुंबईवरनं मागवावा लागतो. चार दिवस लागतात यायला.”

हिरामणच्या हातातली पक्कड हवेतच राहिली. चार दिवस. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजत होते. कोणी इंजिन दुकानात आणलं आणि ते आणलं त्याहून वाईट होऊन परत गेलं, असं आजवर झालं नव्हतं. झालं ते पोटच्या पोरीचं.

क्रांतीनं जीन्सच्या खिशातून दुसरी पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. पुडीत तसाच प्लग होता, नवा, चकचकीत.

“हाय की दुसरा!” हिरामण ओरडलाच. “मग मघापासून छातीवर धोंडा कशाला ठेवलास माझ्या?”

“दोनच मागवले होते. एक इंजिनाला.” तिनं नवा प्लग पुडीत परत सरकवला. “एक तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी?”

“जाळायला.”

रागानं म्हणाली असती तर त्यानं चार शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता. पण तिच्या आवाजात राग नव्हता. वाण्याला सामान सांगावं तसं ती म्हणाली: एक साबण, एक काडेपेटी, एक बाबांसाठी, जाळायला. विनेशला हसू फुटलं होतं, ते त्यानं खोकल्यात दाबलं.

दुकानातून घरात जायच्या उंबऱ्यावर कमळ सूप घेऊन बसली होती. सुकटीतला कचरा वेचत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“तुला ठाव होतं?” हिरामणनं बायकोला विचारलं.

“मीच सांगितलं तिला. म्हटलं, बाबाच्या हातात देणार असशील तर दोन आण.”

“का?”

“का म्हंजे? पहिल्या वेळेला तुम्ही तुमचंच करता. दुसऱ्या वेळेला जरा वाकता. मग पहिलं मोडायला वेगळं ठेवावं लागतं.” तिनं सुकटीतनं एक शिंपला काढून बाहेर फेकला. “न्हायतर संसार कसा झाला असता?”

हिरामण हसायला गेला. हसू आलं नाही. कुठून कोण जाणे, त्याच्या डोळ्यांपुढे एक कागद आला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. क्रांतीच्या हॉस्टेलचा फॉर्म, पालकाच्या सहीचा. याच टेबलावर त्यानं तो उभा फाडला होता, मग आडवा फाडला होता. पोरीच्या जातीनं पान्याला हात लावायचा नाही, बी.कॉम. करायचं, अलिबागला, संध्याकाळी घरी यायचं. तीन दिवस घरात कोणी बोललं नाही. चौथ्या दिवशी त्यालाच राहवलं नाही. कमळनं तुकडे चिकटपट्टीनं जोडून समोर ठेवले, आणि त्यानं सही केली. मुदत संपून गेली होती, पण हॉस्टेलचा सर भला माणूस, त्यानं चिकटवलेला कागद चालवून घेतला, असं कमळनं सांगितलं. ही गोष्ट हिरामणनं बंदरावर शंभर वेळा सांगितली होती. आपण कसे रागीट, आणि रागाच्या आत आपलं काळीज कसं मेणाचं. आपल्या एका सहीवर पोरगी इंजिनियर होतेय. विनेशनं तर ती इतक्यांदा ऐकली होती की मधले शब्द तोच भरायचा.

“कमळे,” हिरामण म्हणाला. “तो फॉर्म.”

“कुठला?”

“मी फाडला तो.”

आता तिचे हात थांबले. तिनं क्रांतीकडे पाहिलं. क्रांती इंजिनाच्या नाकावरची नसलेली धूळ पुसत होती.

“झेरॉक्स होता तो,” कमळ म्हणाली. “खऱ्यावर मी सही केली होती. आदल्या दिवशीच जाऊन देऊन आलेलो आम्ही.”

“आणि मी सही केली तो?”

“तो हाय घरात. मसाल्याच्या डब्याखाली पसरलाय. चिकटपट्टीनं जाड झालाय, तेल खाली उतरत न्हाय.”

विनेश एकदम उठून आपल्या बॅटरीचे बोल्ट तपासायला लागला. त्याला तिथं तपासण्यासारखं काही नव्हतं.

हिरामणला ओरडायचं होतं. पण भांडायला समोर कोणीच उभं नव्हतं. कोणी त्याला वाईट म्हणत नव्हतं. भरतीची वेळ बघून होडी काढावी तशी ही माणसं त्याला बघून चालत होती, किती वर्षं, देव जाणे. तो स्टुलावर बसला, उठला, परत बसला.

क्रांतीनं विनेशच्या टॉर्चमधला मोठा सेल काढला आणि नव्या प्लगाला जोडला. तार कळत नकळत तांबूस झाली, मग सेल दमला आणि तीही विझली. तिनं दुसरा सेल लावून पाहिला. तेच.

“व्होल्ट बरोबर हाय,” हिरामण म्हणाला. “पण त्याच्यात पोट न्हाय. तार पेटवायला पोट लागतं.”

“तीन अँपियर लागतात.”

“तेच म्हणतोय.”

तो घरात गेला. कमळनं उंबऱ्यावरचे पाय आखडून वाट दिली. आत लाकडी खोक्यात काचेचे सहा सेल ओळीनं होते, जुन्या टेलिफोन एक्सचेंजच्या भंगारातून आणलेले, एकेक विटेएवढा. दोन-दोन व्होल्टचे. सहा मिळून बारा, लाइट गेली की घरातला दिवा त्यांच्यावर चालायचा. हिरामणनं मधली पट्टी सोडवली आणि एक सेल पोटाशी धरून बाहेर आणला. बारा नको, तर बाराचा एक तुकडा. हे त्याला आधी सुचायला हवं होतं. सुचलंही असतं, ‘दीड’ हा शब्द कानात शिरला असता तर.

“दोन पण जास्त होतं,” क्रांती म्हणाली. “हा शेवटचा प्लग आहे.”

“अर्धा व्होल्ट वायर खाईल.”

तिनं बापाकडे पाहिलं. या दुपारी पहिल्यांदाच नीट पाहिलं. मोठ्या बोटीवर लांब, बारीक वायर ओढली की डोलकाठीवरचा दिवा मंद जळतो, एवढी साधी गोष्ट. तिनं मोबाइल काढला, वायरची जाडी विचारली, आकडे मारले.

“सात मीटर लागेल. जाऊन-येऊन मिळून.”

हिरामण वायर मोजायलाही लागला होता. कोळ्याच्या मापानं, दोन्ही हात फाकून. एक वाव. दोन वाव. तीन. बस्स झालं, त्याच्या हातांनी ठरवलं, आणि उजवा हात कटरकडे गेला.

तो तिथंच थांबला.

“किती म्हणालीस?”

“सात.”

तीन वाव म्हणजे साडेपाच मीटर. हिरामणनं कटर खाली ठेवला, हात पुन्हा फाकले आणि चौथा वाव घेतला. मग कापलं. कमळचं सूप पाखडायचं थांबलं होतं.

“तू लाव,” त्यानं चिमटा पोरीच्या हातात दिला.

तिनं लावला. तार आधी काळपट लाल झाली, मग लाल, मग पिकल्या सुपारीसारखी नारिंगी. तशीच राहिली. बोटांत धरलेला तो निखारा सगळे बघत राहिले. एवढ्याशा उजेडात बघण्यासारखं काय होतं, ते एकालाही सांगता आलं नसतं.

मग कामं भराभर झाली. विमान अंगणात आणलं. क्रांतीनं प्लग आवळला, टाकीत इंधन भरलं. एरंडेलाचा आणि दवाखान्याचा मिळून असतो तसा वास सुटला, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासावर चढला. हिरामणनं सवयीनं पंख्याच्या पात्याकडे बोट नेलं.

“बोट नको, बाबा. तुटेल. तुम्ही शेपूट धरा.”

तो मागे गेला, उकिडवा बसला आणि शेपटीखालचं धड त्यानं दोन्ही हातांत घट्ट धरलं. गेली चौतीस वर्षं, इंजिन सुरू होताना तो हँडलपाशी नाही असं झालं नव्हतं. क्रांतीनं लाकडाच्या काठीनं पातं झटकलं. काही नाही. पुन्हा झटकलं. इंजिन एकदा शिंकलं. तिसऱ्यांदा झटकलं आणि ते पेटलं, कानठळ्या बसवणारी किंकाळी फोडून. कोंबड्या कुडाखाली पळाल्या. हिरामणच्या तळव्यांतून खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. एवढी ओढ असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

क्रांतीनं चिमटा काढला. इंजिन चालूच राहिलं. तिनं इंधन कमीजास्त करायची सुई एक आटा सैल केली, मान तिरकी करून आवाज ऐकला, पाव आटा आवळली. मान तिरकी करून ऐकायची ती तऱ्हा कोणाची, ते विनेशनं ओळखलं. हिरामणला मात्र मागून पोरीचा फक्त खांदा दिसत होता.

दोन टाक्या संपल्या तेव्हा ऊन माडांच्या कमरेला आलं होतं. इंजिन गप्प झालं. कान बराच वेळ वाजत राहिले.

“उद्या उडवणार मग तू,” हिरामण म्हणाला.

“हो.”

“शेपूट कोण धरणार?”

“तुम्ही,” ती लगेच म्हणाली. जरा जास्तच लगेच.

“आणि मी न्हाय आलो तर?”

क्रांती फडक्यानं इंजिनावरचं तेल पुसत राहिली. विनेशनं मान खाजवली, आभाळाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“मला साडेसातला बोलावलंय, दादा,” तो म्हणाला.

इंजिन बंद होऊन बराच वेळ झाला होता, तरी हिरामणच्या हातांनी शेपूट सोडलं नव्हतं.

“मी सातला येतो,” तो म्हणाला.

“बरं,” क्रांती म्हणाली. विनेशकाकाला मात्र तिनं नको म्हणून सांगितलं नाही.