राखण्या

“इथंच बघ,” कमळ म्हणाली आणि तिने टोपली खडकावर आपटून ठेवली. “जे काय हाय ते इथंच.”

प्राप्तीने बघितले. काळा, कोरडा खडक, त्यावर मेलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारदार कडा आणि कडेला एक वाळलेला खेकडा. समुद्र पार खाली गेला होता. पौषातल्या अमावस्येची सकाळची ओहोटी होती. पाणी एवढे मागे वर्षातून दोन-चारदाच सरते, आणि नेमके त्याच दिवशी कमळ तिला वर, पाणी जिथे धड पोचतही नाही अशा जागी घेऊन आली होती.

“मावशी, इथे तर काहीच नाही.”

“न्हायच हाय. तेच तर सांगते मी.”

“पण जनीमावशी म्हणाल्या, कमळलाच विचार. चांगली जागा तिलाच ठाऊक आहे.”

जनीचे नाव निघाले आणि कमळचे डोके फिरले. उरणपलीकडच्या त्या गावात कालवे काढणाऱ्या आता तिघीच उरल्या होत्या, त्यातली जनी तिच्याच आळीतली. तीस वर्षे दोघी एकाच ओहोटीला खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या या खडकांत, उतरत आणि तीस वर्षे कमळ तिला चकवा देत आली होती. जनी उजवीकडे वळेपर्यंत उगाच वाकून बसायचे, मग फुटक्या खडकाच्या मागे सटकायचे. एवढे करून बाईला वास लागलाच, आणि आता स्वतःला नेमकी जागा सापडत नाही म्हणून तिने शहरातली पोरगी पुढे घातली. कमळला जनीची अक्कल अशीच चालताना दिसायची.

त्या खडपावर एका कंपनीला भराव टाकून जेट्टी बांधायची होती. भराव टाकण्याआधी तिथे काय जगते ते मोजून लिहावे लागते, म्हणे. ते लिहायला प्राप्ती आली होती. पंचविशीची, टोपी घातलेली, हातात प्लॅस्टिकच्या पाइपांची एक चौकट. ती खडकावर ठेवायची आणि आत काय काय जिवंत आहे ते मोजायचे. पहिल्या चौकटीत तिने बराच वेळ बघून शून्य लिहिले.

कमळला शून्य बरे वाटले. नवरा बाबाजी मिठागरावर खपला तेव्हा स्वप्निल चार वर्षांचा होता. त्याला या खडपाने वाढवला, घराच्या दोन खोल्या या खडपाने बांधल्या. फुटक्या खडकामागे बैलगाडी मावेल एवढे एक डबके होते, आणि त्याच्या कडांना मुठीएवढी कालवे. ते गेले की कमळच्या हातात कालवे फोडायची कोयती तेवढी उरणार होती.

प्राप्तीने पिशवीतून माशांच्या चित्रांचे एक प्लॅस्टिक चढवलेले कार्ड काढले. “यातला कुठला पाहिलाय का कधी? हे सगळे एकाच कुळातले. डॅमसेल म्हणतात.”

“हे कोन खातं?”

“खात नाही कोणी. एवढेसे असतात. हा निळा बघा, हा इकडे नाही मिळायचा, प्रवाळात राहतो, लक्षद्वीपकडे. हा काळपट, पिवळ्या शेपटीचा मात्र गढूळ पाण्यातही राहतो, जेट्टीच्या खांबांना धरून. आणि हा शेतकरी.”

“कोन शेतकरी?”

“हा तपकिरी. खडकावरचा शेवाळाचा एक तुकडा धरतो, नको ते शेवाळ उपटून टाकतो, दुसरं कोणी चरायला आलं की अंगावर जातो. खरोखर शेती करतो.”

“सातबारा हाय का त्याच्या नावावर?”

प्राप्ती खळखळून हसली. कमळ हसली नाही. तिची नजर कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात अडकली होती. पिवळी पाठ, अंगावर पाच काळे पट्टे.

तो राखण्या होता. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही म्हणून गावात त्याला नावही नव्हते; हे नाव कमळने दिलेले. पाऊस संपून पाणी निवळले की तिच्या डबक्यातल्या एका ठरावीक खळग्यात खडकावर जांभळाचा डाग पडावा तशी अंडी दिसत, आणि त्यांच्यापुढे हा बहाद्दर येरझाऱ्या घालत असे. मादी अंडी टाकून कुठे जाते देव जाणे, राखायला बाप. कालवाला हात घातला की तो सरळ बोटावर धावून यायचा, चावायचा. तळहाताएवढा जीव, पण मागे हटत नसे. दरवर्षी तोच नसणार, एवढे तिला कळत होते. खळगा मात्र तोच. वैधव्याची पहिली काही वर्षे दिवसभरात तिच्याशी भांडायला तेवढा एकच होता, आणि तिला ते भांडण आवडायचे.

“हा?” प्राप्तीने त्याच चित्रावर बोट ठेवले.

“न्हाय बघितला.”

“नीट आठवा ना. हा खडकाच्या खळग्यात अंडी राखत बसतो. असा एखादा सापडला, तर इथे माशांची पैदास होते असं मला लिहिता येईल. मग एवढा भाग सोडा, असं त्यांना सांगता येतं.”

“सांगितलं की सोडतात?”

प्राप्तीने कार्ड खाली घेतले. पोरगी खोटे बोलणारी नव्हती. “लिहिलं तर निदान सांगता येतं, मावशी. चांगली जागा दाखवा, मी तसं लिहिते.”

चांगली जागा दाखवा, तसे लिहितो. कमळने हे वाक्य आधी ऐकले होते, नऊ वर्षांची असताना, स्वतःच्या ओटीवर. गोदामांसाठी जमिनी घ्यायच्या होत्या आणि मोजणीचा साहेब चहा पीत बसला होता. तिचा बाप कोंडाजी भोळा आणि वर अभिमानी. त्याने साहेबाला बांधाबांधाने फिरवले, गोड्या पाण्याची विहीर दाखवली, मूठभर माती उचलून साहेबाच्या नाकाला लावली. साहेबाने शब्द पाळला, लिहिले. पहिली खुंटी त्याच तुकड्यात ठोकली. खाजणातली खारी जमीन तेवढी सोडली. बाप पुढे वीस वर्षे जगला आणि जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायचा, “मी जमीन कशाला दावली? कोनी सांगितलेलं मना?” 

त्या घरात वाढलेल्या बाईने काय शिकावे? साहेबाला चांगले दाखवायचे नाही. टोपी घातलेली, गोड बोलणारी पोरगी असली म्हणून काय, वही साहेबाचीच.

“त्या फुटक्या खडकापलीकडे काय आहे?” प्राप्तीने निघता निघता विचारले.

“चिखल. कमरेवेरी जाशील.”

प्राप्तीने आपल्या बुटांकडे बघितले आणि विश्वास ठेवला. पाणी वळेपर्यंत तिने त्याच मेलेल्या खडकावर अकरा वेळा चौकट ठेवली. मग कमळचे पूर्ण नाव लिहून घेतले, कार्डामागे आपला फोन नंबर लिहिला आणि कार्ड तिला देऊन टाकले. कमळ घरी जाताना खूश होती. बापाची चूक आपण केली नाही, असे तिला सारखे वाटत होते.

मे महिन्यात शाळेच्या पटांगणात मांडव पडला. जनसुनावणी. पंखे, बाटलीबंद पाणी, माईक. कंपनीच्या माणसाने अहवाल वाचायला घेतला आणि गाव जांभया देऊ लागले. तेवढ्यात कमळला स्वतःचे नाव ऐकू आले.

“...सदर खडकाळ किनारा जवळजवळ निर्जीव असून माशांच्या पैदाशीच्या कोणत्याही खुणा आढळल्या नाहीत. पाहणीसाठीची जागा स्थानिक माहितगार श्रीमती कमळ बाबाजी घरत यांनी स्वतः दाखविली.”

माणसे वळून बघू लागली. मागून कुणीतरी म्हणाले, “कमळबाय, कंपनीचा चहा लय गोड लागला वाटतं!”

ती उठली. तिच्या हातात कुणीतरी माईक दिला. “हाय तिथं,” ती म्हणाली. “सगला हाय. फुटक्या खडकामागं माझं डबकं हाय. कालवं हायत, राखण्या हाय, अंडी राखतो तो. मी रोज बघते.”

“मग ताई, तेव्हा का नाही दाखवलंत?” व्यासपीठावरच्या अधिकाऱ्याने विचारले. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला भांडता आले असते.

उत्तर तिच्याकडे होते. बाप, विहीर, मूठभर माती. पण ते माईकमध्ये कसे सांगायचे? ती एवढेच म्हणाली, “मना वाटलं, दावलं तर घ्याल.”

मांडव हसला. अधिकारीही हसला, मग सावरला आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाला, नोंद करून घ्या. नोंद झाली. आपल्याकडे नोंद होतेच.

संध्याकाळी तिने सूनबाईकडून कार्डामागचा नंबर लावून घेतला. प्राप्तीने सगळे ऐकले. 

“मी किती वेळा विचारलं, मावशी.”

“व्हय.”

“मी परत येते, म्हणून सांगून बघते. पण अहवाल एकदा गेला की...” तिने वाक्य पुरे केले नाही. तिने खरेच दोनदा कागद पाठवून बघितले, असे पुढे कळवले. नंतर तिचा फोन आला नाही. कमळला तिचा राग आला नाही. राग येण्यासारखे माणूस या गोष्टीत एकच होते आणि ते आरशात दिसायचे.

दिवाळी झाली आणि मुरुमाचे डंपर सुरू झाले. त्यातल्या एकावर स्वप्निल होता. आधी तो न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा, दोन-दोन दिवस घराबाहेर. “आता घराजवळ काम मिलालंय तर सोडू का?” तो म्हणाला. “मी न्हाय टाकला भराव तर दुसरा टाकेल. आनि तूच तर सांगितलं ना आई, तिथं काय न्हाय म्हनून? रिपोर्टमधी तुझं नाव हाय, माझं न्हाय.”

त्याने ते रागाने म्हटले नव्हते, जेवताना म्हटले होते. कमळने त्याला आणखी भात वाढला.

मार्गशीर्षाच्या अमावस्येला पहाटे ती जनीच्या दाराशी उभी राहिली. “चल. तुला एक दावायचं हाय.”

 दोघी खडपात उतरल्या. कमळच्या डोक्यावर टोपली नव्हती. भराव फुटक्या खडकाच्या जवळ येऊन ठेपला होता, लाल मातीचा उतार पाण्यात घुसला होता. कमळ सांगणार होती की इथे डाव्या हाताला पाण्याखाली एक पायरीसारखा दगड आहे, त्यावरच पाय ठेव. तिने तोंड उघडायच्या आत जनीने साडी वर खोचली आणि न बघता नेमका त्याच दगडावर पाय ठेवून पलीकडे गेली.

कमळ अलीकडेच उभी राहिली. “तुला कसं ठाव?”

“तीस वर्सं ठाव हाय.”

“मंग कवा आली कशी न्हाईस?”

“येऊन काय करू? तुझी जागा ती. तुझा पोर लहान होता.” जनी डबक्याच्या काठावर बसली आणि पदराने तोंड पुसले. “ती पोरगी आधी माझ्याकडंच आलेली. बोलली, चांगली जागा दावा. मी बोलले, मी कशी दावू? जिची जागा तिनं दावायची. म्हनून तुझ्याकडं धाडली.”

मांडवात गाव हसले तेव्हा कमळला जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी आता वाटली. तीस वर्षे ती जिच्यापासून लपत होती तीच तिची जागा राखत होती. जनीच्या तोंडातून एक शब्द गेला असता तरी हे डबके अहवालात गेले असते. शब्द गेला नाही, कारण जनी सरळ बाई होती आणि कमळ तिला चोर समजत होती. ती त्याच दगडावरून पलीकडे गेली आणि जनीच्या शेजारी बसली.  

उजाडले. डबक्याचे पाणी लालसर झाले होते. कालवांच्या कडांवर मातीचा थर बसला होता. खळग्यात मात्र जांभळा डाग दिसत होता, आणि त्याच्यापुढे तो.

वर डंपर मागे मागे येत असल्याचा तो किरकिरा आवाज सुरू झाला. खेप पडली. उतारावरून मुरुमाचे खडे घरंगळत आले, चार-पाच पाण्यात पडले. त्यातला एक अंड्यांवर.

राखण्या झेपावला. वाटाण्याएवढा तो खडा त्याने तोंडात धरला, ओढत खळग्याच्या कडेपर्यंत नेला आणि बाहेर टाकला. परत आला. दुसरा उचलला.

“चावतो का गं?” जनीने विचारले.

“घाल हात.”

जनीने बोट पाण्यात घातले. तो खडा टाकून आला, तिच्या बोटाला चावला आणि परत खड्याकडे गेला. जनी हसली. मग दोघींनी हात पाण्यात घालून, अंड्यांना धक्का न लावता, खडे वेचायला सुरुवात केली. तो दोघींनाही चावत होता.

वर पुढची गाडी मागे येऊन लागली होती. काचेतून स्वप्निल कुणाला तरी हात करून विचारत होता, इथेच टाकू ना.