पडद्यावरच्या सासूबाई

पडद्यावरच्या सासूबाईंनी 'पुढे'चं बटण दोनदा दाबलं, मग घाबरून मागे गेल्या आणि थेट पहिल्या पानावर येऊन थांबल्या. खाली अक्षरं उमटली, "अगं बाई, गेलं कुठं सगळं?"

मीटिंगच्या खोलीत हशा पिकला. साहेब तर हसता हसता टेबल बडवायला लागले. शंकाताई तेवढी हसली नाही.

हे अर्थातच तिचं ऑफिसातलं नाव. कंपनी छोट्या-मोठ्या धंद्यांसाठी अ‍ॅप बनवायची आणि ती ते गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधी तपासायची. बनवणारे म्हणायचे, चालतंय. ती म्हणायची, कशावरून? घरीही तेच. निघताना कुलूप लावायची, मग कुलपाला लोंबकळून बघायची, मग जिन्यातून परत वर येऊन गॅस बंद आहे का ते बघायची. नवरा औषधांच्या कंपनीत होता, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असायचा. तो फोनवर "पोहोचलो" म्हणाला, तरी मागचे आवाज ऐकून ती स्वतःची खात्री करून घ्यायची.

तिची एक खास पद्धत होती. नवं अ‍ॅप फोनवर घालून घरी न्यायचं, काही न सांगता सासूबाईंच्या हातात द्यायचं आणि शेजारी बसून त्यांचं बोट कुठे अडखळतं ते बघायचं. ते सगळं ती रेकॉर्ड करायची आणि त्यावर शेरे लिहायची. तिच्या शेऱ्यांमुळे बटणं मोठी झाली, अक्षरं ठळक झाली, पैसे जाण्याआधी "नक्की ना?" असं विचारणं आलं. औषधाच्या दुकानापासून गॅरेजपर्यंत सगळी गिऱ्हाइकं खूश होती. ऑफिसात त्याला 'सासूबाई चाचणी' असंच नाव पडलं होतं.

"हे सगळं तुमचंच आहे, शंकाताई," अ‍ॅप बनवणारा चष्मेवाला अभिमानाने म्हणाला. "तुमचे आजवरचे शेरे आणि घरून आणलेली रेकॉर्डिंग एआयला खायला घातली. आता ह्या सासूबाई कधीही तयार. कंटाळत नाहीत, चहा मागत नाहीत."

"घरच्याही मागत नाहीत," ती म्हणाली. "त्याच करून देतात."

साहेबांनी घसा खाकरला. "शुक्रवारी खऱ्या सासूबाईंना घेऊन या. धुलाईवाल्यांचं नवं अ‍ॅप दोघींना देऊ. दोघी सारख्याच ठिकाणी चुकल्या, की झालं."

"काय झालं?"

"म्हणजे... कामं लवकर होतील." साहेब पाण्याच्या बाटलीचं झाकण न्याहाळायला लागले.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिच्या रांगेत आणखी दोघं टेस्टर बसायचे. त्यांनाही मागे असंच, जरा एआयला शिकवा म्हणून सांगितलं होतं. त्यांनी बिचाऱ्यांनी मन लावून शिकवलं. आता त्यांच्या खुर्च्यांवर कुरिअरची खोकी असायची. शुक्रवारी दोघी सासूबाई जुळल्या की तिसऱ्या खुर्चीवरही खोकी येणार, हे सांगायला कुठल्या एआयची गरज नव्हती. आणि ह्या वयात दुसरीकडे तिला कोण दारात उभं करणार होतं?

दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं म्हणून ती दुपारीच घरी आली. चपला काढून आत पाऊल टाकलं आणि दारातच थबकली. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, फोन दोन्ही हातांत. परवा मागवलेला दिवा बिघडलेला निघाला होता, त्याचा फोटो त्यांनी काढला, कडा कापून नीटस केला, दुसऱ्या अ‍ॅपमधून ऑर्डरचा नंबर उचलला, इकडे आणून चिकटवला आणि दोन्ही अंगठ्यांनी दुकानदाराला झाडायला सुरुवात केली. अंगठे कुठेही अडखळत नव्हते. एरवी अडखळणाऱ्या बोटांकडे बघणं हाच जिचा धंदा, तिच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं.

"आई."

फोन मांडीवर पडला. दुसऱ्याच क्षणी सासूबाईंचा चेहरा भाबडा झाला. "बरं झालं बाई आलीस. हे बघ ना, कसलं तरी पान उघडलंय आपोआप..."

"राहू द्या, आई. कधीपासून येतं तुम्हाला?"

"काय येतं?"

तिने त्यांच्या मांडीवरच्या फोनकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला.

"पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "अगं, टायपिस्ट होते मी. ह्या बोटांना काय शिकवायचंय?"

ती समोर येऊन बसली. "मग ते दोनदा बटण दाबणं? ते 'अगं बाई, गेलं कुठं'?"

"पहिल्यांदा खरंच चुकले होते. शपथ. तुझी नवी नोकरी होती, तुझं कुणी ऐकत नव्हतं, एवढंसं तोंड करून यायचीस. माझं बोट चुकलं आणि तू अशी काही उडालीस! 'सापडलं, सापडलं' म्हणून ऑफिसात फोन लावलास. मला वाटलं, नुसतं चुकून हिचं एवढं भलं होत असेल तर आपलं काय जातंय?"

"इतकी वर्षं, आई?"

"सवय लागली." सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "शिवाय तू शेजारी बसायचीस. चांगली खेटून. माझ्या बोटाकडे बघत. हे गेल्यापासून ह्या घरात माझ्याकडे इतकं निरखून कोण बघतं? सरळ करून दिलं असतं, तर तू लगेच उठून कामाला लागली असतीस."

तिला राग आला. कुलूप, गॅस, साहेब, नवऱ्याच्या फोनमागचे आवाज, सगळ्यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला आणि नाकासमोर बसलेल्या बाईने इतकी वर्षं तिला गुंडाळलं. पण रागाच्या खाली लाजही होती. अ‍ॅप नसताना आपण आईंच्या शेजारी शेवटचं कधी बसलो होतो, ते तिला आठवेना.

मग तिने शुक्रवारचं सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे नेहमीसारखी चुकले, तर ते यंत्र पास आणि तुझी नोकरी गेली."

"हो."

"आणि सरळ केलं, तर तुझे सगळे शेरे खोटे."

"हो."

सासूबाईंचे डोळे चमकले. "मग मी वेगळ्याच चुका करते. त्या यंत्राच्या बापालाही सुचणार नाहीत अशा. बस म्हणावं जुळवत!"

म्हटलं तर हे सोपं होतं. यंत्र तोंडावर पडलं असतं आणि तिची खुर्ची शाबूत राहिली असती. कुणाला कळलंही नसतं.

"बघू," ती म्हणाली.

गुरुवारी सगळे जेवायला गेल्यावर ती एकटीच पडद्यासमोर बसली. यंत्राला तिने विचारलं, सासूबाई बटण दोनदा का दाबतात? उत्तर तयारच होतं. वाढत्या वयामुळे बोटांना स्पर्शाचा अंदाज येत नाही, आत्मविश्वास कमी पडतो, नव्या गोष्टींची भीती वाटते. एकेक कारण नेटकं, मुद्देसूद आणि साफ चुकीचं. तिने टाइप केलं, "कशावरून?"

"तुमच्या शेऱ्यांवरून," यंत्राने लिहिलं. "तुमची निरीक्षणं अत्यंत विश्वासार्ह आहेत."

तिच्यावर इतका विश्वास आजवर कुणीच टाकला नव्हता, अगदी तिनेसुद्धा. एवढे शेरे खाल्ले त्याने, पण एकदाही मान वर करून विचारलं नाही की बाई, तुमची सासू खरं वागतेय कशावरून? संशय सोडून तिचं सगळं काही त्याने उचललं होतं.

शुक्रवारी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून आल्या, खांद्याला पर्स. लिफ्टमध्ये दोघीच होत्या. सासूबाई कानाशी येऊन कुजबुजल्या, "काय करू मग? तयारी करून आलेय मी."

लिफ्ट वर जात होती. नव्या चुका आजच्या दिवसापुरत्या चालल्या असत्या. पण पुढचं प्रत्येक अ‍ॅप घरी नेल्यावर आपण एका नाटकाच्या शेजारी बसलोय, हे आता तिला ठाऊक असणार होतं.

"जसं येतं तसं करा, आई," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

चष्मेवाल्याने एकीकडे पडदा सुरू केला, दुसरीकडे सासूबाईंना फोन दिला. पडद्यावरच्या सासूबाई बटण दोनदा दाबून, मागे जाऊन, घाबरून पहिल्या पानावर आल्या, तोवर खऱ्या सासूबाईंनी चार चादरी आणि दोन कोट धुवायला टाकून, न्यायला यायची वेळ ठरवून, फोन टेबलावर पालथा ठेवला होता.

"झालं," त्या म्हणाल्या.

साहेबांना काही उमजेना. "म्हणजे मशीन चुकलं?"

"नाही साहेब," चष्मेवाला पडद्याकडे बघत म्हणाला. "मशीन शेऱ्यांप्रमाणे बरोबर चाललंय. शेरेच..." तो थांबला. सगळ्यांच्या नजरा शंकाताईकडे वळल्या. संशयाची ही नजर ती चांगली ओळखत होती, आजवर ती तिचीच होती.

"आई मुद्दाम चुकत होत्या," ती म्हणाली. "मला परवा कळलं. मी त्यांना कधी तपासलंच नाही."

साहेब सावरले ते धंद्याच्या हिशेबाने. "हरकत नाही. गिऱ्हाइकांना तर सगळं आवडलंच ना? मग हे मशीन राहू दे. उलट बरंच आहे की! माणूस मनात येईल तसं बदलतं. हे बदलत नाही."

"मी हिच्यासाठी चुकत होते," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "हे कोणासाठी चुकतंय?"

चष्मेवाल्याने उत्तरासाठी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे. "शंकाताई, तुमचं आपण पुढच्या आठवड्यात बघू," ते म्हणाले आणि उठले. ह्या 'बघू'चा अर्थ लावायला टेस्टर असावं लागत नाही. तिने मान हलवली, सासूबाईंची पर्स उचलून त्यांच्या खांद्याला लावली आणि दोघी खाली आल्या.

बसमध्ये गर्दी होती. बराच वेळ दोघी दांड्याला धरून उभ्या होत्या. एक जागा रिकामी झाली तेव्हा ती म्हणाली, "बसा, आई." सासूबाई म्हणाल्या, "तू बस, तुझं डोकं परवापासून दुखतंय." दोघींच्या आग्रहात तिसराच कुणी तरी तिथे बसला. सासूबाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तिला हसू आलं. मग घराच्या थोडं अलीकडे शेजारशेजारच्या दोन जागा सुटल्या आणि दोघी बसल्या. फोन पर्सच्या तळाशी होता. सासूबाईंचा हात मांडीवर होता, बोटांची पेरं थोडी सुजलेली होती. हे तिने आधी पाहिलं नव्हतं.

"दुखतात?" तिने विचारलं.

"थंडीत. थोडी."

बस थांबली. औषधाचं दुकान दिसलं, घराकडे वळणारी गल्ली दिसली. चार माणसं उतरली, दार मिटलं आणि बस निघाली. सासूबाईंनी खिडकीतून मागे वळून पाहिलं.

"आपला थांबा चुकला की गं," त्या म्हणाल्या.

"हो," ती म्हणाली आणि त्यांच्याकडे जरा सरकून बसली.